खर्च पाळण्यापासून सुरू व्हावा

गरिबी हटवण्याच्या योजनांची यादी काढली की त्या बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांसाठी असतात. रोजगार, कर्ज, कौशल्य प्रशिक्षण, घरकुल, अनुदान. मुलांचा विषय निघतो तो शाळेपासून, म्हणजे मूल पाच-सहा वर्षांचे झाल्यावर. त्याआधीची वर्षे घरची, खासगी, बाईने निभावून न्यायची, असे सरकारे धरून चालतात आणि आपणही धरून चालतो. मला हा हिशेब मुळातच चुकलेला वाटतो. गरिबी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते, ती फार मोठ्या प्रमाणात याच वर्षांत. तिथे हात आखडता घ्यायचा आणि पुढे तीस-चाळीस वर्षे त्याच गरिबीशी झुंजत राहायचे, हे महागात तर पडतेच, शिवाय ते निष्ठुरपणाचे आहे.

हे म्हणणारा मी पहिला नाही. २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे जेम्स हेकमन वीसहून अधिक वर्षे हेच सांगत आले आहेत, की वंचित घरातल्या मुलावर जितक्या लवकर खर्च कराल तितका तो जास्त फळतो. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये एकत्र येऊन बालसंगोपनाची एक चौकटही मांडली. परिषदांमध्ये सगळे माना डोलावतात. अडचण तिथून पुढे सुरू होते. पैसा एक तर येत नाही, आणि आला तर इमारत, रंगरंगोटी, फलक आणि नोंदवह्या यांत जिरतो. म्हणून नुसते ‘लहान मुलांवर खर्च करा’ एवढे म्हणून मला थांबता येत नाही. हा खर्च एका माणसावर व्हायला हवा. मुलाजवळ दिवसभर जे मोठे माणूस असते, त्याच्यावर. आई असो, आजी असो, पाळणाघरातली बाई असो किंवा घरोघर भेटी देणारी कार्यकर्ती असो, तिला वेळ मिळाला, बळ मिळाले, शिकायला मिळाले आणि पोटापुरता पगार मिळाला, तरच या क्षेत्रातला पैसा गरिबीला भिडतो. नाहीतर तो वाया जातो, आणि तो कसा वाया गेला याचे दाखलेही आहेत.

आधी या वर्षांत नेमके काय घडते ते पाहू. मूल जन्मते तेव्हा मेंदूतल्या पेशी जवळजवळ सगळ्या तयार असतात. पेशींमधल्या जोडण्या मात्र व्हायच्या असतात. पहिल्या काही वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या होतात असा अंदाज आहे. ज्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात, ज्या राहत नाहीत त्या गळून जातात. या कामाला ऊर्जाही अफाट लागते. चार-पाच वर्षांच्या मुलाचे शरीर स्वस्थ बसलेले असताना जेवढी ऊर्जा खर्च करते, तिच्यातला निम्म्याहून अधिक वाटा एकटा मेंदू घेतो. या काळात पोट अर्धे राहिले, वारंवार जुलाब झाले, रक्तात लोह कमी पडले, तर त्याची झळ नुसत्या उंचीला आणि वजनाला लागून थांबत नाही.

आणि वापर म्हणजे काय? आठ महिन्यांचे मूल हातातले झाकण खाली टाकते. आवाज होतो. मूल झाकणाकडे पाहते, मग समोरच्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे. ते माणूस म्हणते, ‘पडलं!’ आणि झाकण उचलून देते. मूल पुन्हा टाकते. पुन्हा ‘पडलं!’. सातव्या-आठव्या वेळी मूल टाकण्याआधीच हसते, कारण पुढे काय होणार ते त्याला कळलेले असते. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण त्या पाच मिनिटांत मुलाच्या पदरात बरेच काही पडते: एका गोष्टीमुळे दुसरी घडते याची जाण, एक शब्द, आळीपाळीने बोलण्याची रीत, आणि सगळ्यात मोलाचे म्हणजे, मी काही केले की माझ्याकडे बघणारे कोणीतरी आहे हा भरवसा. याला महागडे खेळणे लागत नाही. लागते ते पाच मिनिटे हात मोकळा असलेले आणि मनाने तिथे हजर असलेले एक माणूस.

गरिबी घाव घालते तो नेमका इथे. गरीब आईबापांची माया कमी असते असे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यात सत्य नाही आणि दयाही नाही. माया तीच असते, पण शरीर थकलेले असते आणि डोके भलत्याच ठिकाणी अडकलेले असते. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या बौद्धिक चाचण्या कापणीआधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि कापणीनंतर, पैसा आल्यावर, घेतल्या होत्या. माणसे तीच, पण कापणीआधी त्यांची कामगिरी लक्षात येण्याइतकी खालावलेली होती. उद्याची देणी, औषधाचा खर्च, थकलेले भाडे यांनी मोठ्या माणसाच्या विचारशक्तीवर एवढा भार पडत असेल, तर संध्याकाळी झाकण उचलून देण्याइतके भान तिच्याजवळ कुठून उरणार? मुलाच्या वाट्याला येते ती गप्प बसवणारी हाक, किंवा नुसतीच शांतता. आईबापांची टंचाई मुलाच्या अंगात उतरते ती अशी. यात कोणाचा दोष नसतो, म्हणूनच ती दूर करण्याची जबाबदारी एकट्या घरावर टाकता येत नाही.

नुसते खाऊपिऊ घातले आणि स्वच्छ ठेवले की पुरे, या समजुतीला सगळ्यात कठोर उत्तर रोमानियातून मिळाले. तिथल्या अनाथालयांत मुलांना अन्न होते, अंथरूण होते, छप्पर होते. मात्र मोजक्या दाया, ढीगभर मुले, आणि पाळीपाळीने बदलणारे चेहरे. २००० साली बुखारेस्टमध्ये संशोधकांनी अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या निम्म्यांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवले गेले, बाकीच्यांची व्यवस्था होती तशी चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणे आणि माणसांशी नाते जोडण्याची ताकद सावरली. साधारण दोन वर्षांच्या आत जी मुले कुटुंबात पोचली ती इतरांपेक्षा जास्त सावरली. ही गोष्ट अनाथालयातली असली तरी मुलाला नेमकी कशाची भूक असते ते तिने उघडे करून दाखवले.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. बालपणी दिलेल्या या लक्षाचा गरिबीशी, म्हणजे मोठेपणी हातात पडणाऱ्या पैशाशी, खरोखर संबंध लागतो का? माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका पुरावा जमैकाचा आहे. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली गेली. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे चार गट केले. एका गटाला जादा आहार, दुसऱ्याकडे घरभेटी, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यांतले काहीच नाही. घरभेट म्हणजे आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षे. येणारी बाई डॉक्टर नव्हती, मानसशास्त्रज्ञही नव्हती. आरोग्य केंद्रातली साधी कार्यकर्ती होती, तिला या कामाचे प्रशिक्षण दिले होते. पिशवीत टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली खेळणी आणि चित्रांची पुस्तके. ती आईसमोर मुलाशी खेळे, मग आईला खेळायला लावी, आईचे काही चांगले जमले की ते बोलून दाखवी, आणि खेळणी घरीच ठेवून जाई. पुढच्या आठवड्यात जुनी परत नेऊन नवी देई.

वीस वर्षांनी ती मुले हुडकून काढली तेव्हा भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. वाढ न खुंटलेल्या मुलांच्या बरोबरीला ती पोचली होती. तिशी ओलांडल्यावर पुन्हा मोजणी झाली. तेव्हा कमाईतला फरक ३७ टक्के होता. आठवड्यातल्या एका तासाचा हा परिणाम. त्या कार्यकर्तीने मुलाला जे दिले त्यापेक्षा आईला जे दिले ते टिकले असावे, असे मला वाटते. ती दोन वर्षांनी यायची थांबली, आई मात्र घरातच होती.

जमैकात नुसत्या आहाराचा फायदा पुढे टिकला नाही, म्हणून आहार दुय्यम आहे असा अर्थ कोणी काढू नये. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत प्रथिनयुक्त पौष्टिक पेय दिले गेले, दोन खेड्यांत प्रथिने नसलेले साधे पेय. जी मुले जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पौष्टिक पेय प्यायली, त्यांच्यातल्या पुरुषांची मोठेपणी दर तासाची मजुरी ४६ टक्क्यांनी जास्त भरली. तीन वर्षांनंतर ज्यांना ते पेय मिळाले त्यांच्या मजुरीत फरक पडला नाही. पेय तेच, देणारे तेच, वय फक्त वेगळे. बायकांच्या मजुरीत मात्र वाढ दिसली नाही. बालपण कितीही सुधारले तरी पुढे बाईला काम आणि मोबदला देणारा बाजारच आखडलेला असेल, तर त्या सुधारणेची कमाई तिच्या हाती पडत नाही, असे मी यावरून समजतो. त्या बायकांना झालेला लाभ दुसरीकडे दिसला. लहानपणी पौष्टिक पेय मिळालेल्या मुली जेव्हा आया झाल्या, तेव्हा त्यांची बाळे जन्मतःच जास्त वजनाची होती. एका पिढीच्या पोटात गेलेले अन्न दुसऱ्या पिढीच्या अंगी लागले. गरिबी वारशाने जाते तसा तिच्यावरचा उताराही वारशाने जाऊ शकतो, हे मला या सगळ्या संशोधनातले सर्वांत दिलासा देणारे वाक्य वाटते.

अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या यप्सिलांटी गावच्या पेरी बालशाळेचा दाखला या विषयावर बोलणारा प्रत्येक जण देतो. पण तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांपैकी ५८ जणांना तीन-चार वर्षांच्या वयात रोज सकाळी अडीच तासांची बालशाळा मिळाली, आणि शिक्षिका आठवड्यातून एकदा घरीही जात. बुद्ध्यंक आधी झपाट्याने वाढला. मग शाळेची पहिली काही वर्षे सरेपर्यंत ती वाढ जवळजवळ पुसली गेली. अभ्यास तिथेच थांबला असता तर ‘पैसे फुकट गेले’ असा शिक्का बसला असता. पण संशोधकांनी पाठ सोडली नाही. चाळिशीत पोचलेल्या त्या मुलांमध्ये नोकरी असणारे जास्त होते, कमाई जास्त होती, अटकेचे प्रसंग कमी होते. हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजाला मिळालेला हा परतावा दरसाल ७ ते १० टक्के धरला आहे. बुद्ध्यंक मागे गेला, मग टिकले काय? काम हातात घेतले की तडीस नेणे, राग आवरणे, वेळेवर पोचणे, चारचौघांत जमवून घेणे. परीक्षेच्या कागदावर हे सहसा दिसत नाही, पण नोकरी टिकते ती याच्याच जोरावर.

अवघ्या १२३ मुलांवरून जगाचे धोरण ठरवू नये हा आक्षेप योग्य आहे, आणि मी तो मनापासून मानतो. म्हणूनच एका शाळेच्या गोष्टीवर न विसंबता जमैका, ग्वाटेमाला, बुखारेस्ट अशा एकमेकांशी काहीही देणेघेणे नसलेल्या ठिकाणचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, याला मी जास्त वजन देतो.

या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे पडते. परतावा वीस वर्षांनी मिळणार म्हणून राजकारणी यात पैसा घालत नाहीत, असे म्हटले जाते. मूल मोठे होण्याची वाट पाहावी लागते हे खरे. पण मुलाला सांभाळणारे चांगले ठिकाण मिळाले की घरात त्याच महिन्यापासून दोन बदल होतात. आई कामाला जाऊ शकते, आणि मोठी बहीण शाळेत जाऊ शकते. नैरोबीतल्या कोरोगोचो या झोपडवस्तीत पाळणाघराचा खर्च उचलून पाहिला गेला, तेव्हा कमावणाऱ्या आयांचे प्रमाण साडेआठ टक्के-अंकांनी, म्हणजे दर शंभर आयांमागे आठ-नऊ जणींनी, वाढले. मोझांबिकच्या ग्रामीण भागात बालवाड्या निघाल्या तेव्हा १० ते १४ वर्षांची थोरली भावंडे शाळेत जाण्याचे प्रमाण वाढले. त्या थोरल्या मुलीचा विचार कोणाच्या अंदाजपत्रकात असतो? धाकट्याला कडेवर घेऊन ती घरी थांबते तेव्हा दोन बालपणे एकदम हातची जातात. तिचे शिक्षण बुडते, आणि धाकट्याला सांभाळायला मिळते ते स्वतःच मूल असलेले माणूस. गरीब घरात लहान मुलांचे संगोपन ‘फुकट’ होते असे ज्यांना वाटते त्यांनी त्या मुलीच्या बुडालेल्या वर्षांची किंमत मांडून पाहावी.

आता पैसा वाया कसा जातो त्याविषयी. या बाजूने बोलणाऱ्यांनी हे दाखले लपवू नयेत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने गरीब मुलांसाठी सरकारी पूर्वप्राथमिक वर्ग चालवले. अर्ज जास्त आले तिथे सोडत काढून प्रवेश दिले गेले, त्यामुळे तुलना चोख झाली. सहावीपर्यंत पोचल्यावर प्रवेश मिळालेली मुले न मिळालेल्यांपेक्षा मागे पडलेली दिसली, वर्तनाच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त होत्या. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरांत पाळणाघर ही योजना आणली. आयांचा रोजगार वाढला, पण मुलांमधली चिंता आणि आक्रमकता वाढल्याचे एका गाजलेल्या अभ्यासात निघाले. मागणी एकदम उसळली आणि सगळ्याच केंद्रांचा दर्जा काही सारखा नव्हता. ब्राझीलने २०१६ मध्ये घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. मूल्यमापनात मुलांच्या विकासात म्हणावा असा फरक आढळला नाही. भेटी ठरल्याप्रमाणे होत नव्हत्या, आणि भेट देणाऱ्यांची तयारी व त्यांच्यावरची देखरेख तोकडी होती.

याउलट तामिळनाडूतल्या अंगणवाड्यांत एक अगदी साधा प्रयोग झाला. इमारत तीच, अभ्यासक्रम तोच, तंत्रज्ञान काही नाही. एका सेविकेवर पोषण, नोंदी आणि शिकवणे असे सगळे पडत होते, तिथे अर्धवेळ काम करणारी आणखी एक बाई नेमली. मुलांना शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षात भाषा आणि गणित यांत मुले ठळकपणे पुढे गेली, आणि कुपोषणही घटले. शेवटची गोष्ट अनेकांना चकित करते, पण तिचे कारण सरळ आहे. शिकवण्याचा भार वाटला गेला, तेव्हा पहिल्या सेविकेला पोषणाकडे बघायला उसंत मिळाली.

हे गणित कोणालाही कागदावर मांडता येईल. एका बाईकडे दोन वर्षांची बारा मुले, चार तास. म्हणजे २४० मिनिटे, मुलामागे २० मिनिटे. त्यातून जेवण भरवणे, धुणे-पुसणे, झोपवणे, वजने घेणे आणि वह्या भरणे यांत निम्मा वेळ गेला असे धरा. उरली मुलामागे दहा मिनिटे. त्याच दहा मिनिटांत एक मूल दुसऱ्याला चावते, तिसऱ्याला शी होते, चौथे दाराबाहेर जाते. झाकण दहा वेळा उचलून देणारा हात तिने आणायचा कुठून? दोष तिचा नाही. तिला दिलेल्या आकड्यांचा आहे. भिंतीवर हत्ती-घोडे रंगवून हे आकडे बदलत नाहीत. एक माणूस वाढवले की बदलतात.

आणि माणूस वाढवायचे तर त्याला पगार द्यावा लागतो. लहान मुलांना सांभाळणाऱ्या बाया जगभर कमी पगारावर राबतात. देश श्रीमंत असो की गरीब, कारण एकच: हे काम बायकांना उपजत येते, त्यात कसब कसले, अशी समजूत. त्यामुळे पगार तुटपुंजा, म्हणून दुसरे काही मिळाले की सोडून जाणे, म्हणून मुलांसमोर पुन्हा नवा चेहरा. दोन वर्षांच्या मुलाला अनोळखी माणसाशी नव्याने जमवून घ्यायला काय पडते ते त्याला बोलून सांगता येत नाही, ते रडून सांगते किंवा गप्प होऊन सांगते. वरच्या वर्गांत शिकवणाऱ्याला जास्त मान आणि जास्त पगार, बाळांजवळच्या माणसाला सर्वांत कमी. ही उतरंड उलटी करा असे मी म्हणत नाही, पण निदान सपाट करण्याची हिंमत कोणत्याही सरकारने दाखवावी.

रोख पैसाच द्यावा, बाकी आईबाप बघतील, हा एक वजनदार युक्तिवाद आहे. गरिबांना स्वतःचे हित कळत नाही असे मानणाऱ्यांपेक्षा हा युक्तिवाद करणारे मला केव्हाही जवळचे. रोख मदतीने चूल पेटते, औषध येते, आईवरचा ताण हलका होऊ शकतो, आणि ती द्यायलाच हवी. पण तेवढ्याने सगळे होईल असा पुरावा नाही. अमेरिकेत हजार गरीब मातांपैकी काहींना बाळ जन्मल्यापासून दरमहा ३३३ डॉलर आणि काहींना २० डॉलर देऊन पाहिले. पहिल्या वर्षाअखेर मेंदूच्या लहरींत फरक दिसल्यासारखा वाटला आणि मोठी बातमी झाली. मुले चार वर्षांची झाल्यावर मात्र भाषा, बुद्धी, वर्तन यांत दोन गटांत ठळक फरक सापडला नाही. पैशाने पाळणाघर विकत घेता येते, पण ते वस्तीत असले तर. चांगली सांभाळणारी बाई ठेवता येते, पण तशी बाई तयार झालेली असली तर. ही व्यवस्था उभी करणे एकेकट्या आईच्या आवाक्यातले नाही, जसा तिला एकटीने रस्ता बांधता येत नाही.

‘पहिल्या तीन वर्षांत सगळे ठरते’ असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्यापासूनही मी चार हात दूर राहीन. ते सत्याला धरून नाही, आणि त्याचे परिणाम वाईट होतात. चौथ्या वर्षी भेटलेल्या मुलाला मग निकालात काढले जाते, आणि आईच्या माथ्यावर कायमचा अपराध बसतो. मेंदू पुढेही घडत राहतो, किशोरवयात तर पुन्हा मोठी उलथापालथ होते. बालपणी मिळालेला लाभ पुढच्या वाईट शाळेत विरूनही जातो. कोलंबियात घरभेटींनी मुलांची झालेली प्रगती, भेटी थांबल्यावर दोन वर्षांत ओसरली होती. तेव्हा बालवाडी चांगली करायची आणि पहिलीचा वर्ग तसाच भकास ठेवायचा, हे चालणार नाही. मी पाळण्यापासून सुरुवात करा म्हणतो, पाळण्याशी थांबा असे म्हणत नाही. आणि बालविकासाचे नाव पुढे करून जमीन, मजुरी, घर, आरोग्य यांच्या मागण्या कोणी बाजूला सारणार असेल, तर त्या माणसाच्या बाजूने मी उभा राहणार नाही. ज्या घरात कामाचा भरवसा नाही तिथे घरभेटीला गेलेली कार्यकर्ती तासभर खेळेल, पण तिच्या पाठीमागे आई उद्याच्या भाड्याचाच हिशेब करत बसेल.

प्रश्नाचा आकार मोठा आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ मध्ये छापलेल्या अंदाजानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली पाच वर्षांखालची सुमारे २५ कोटी मुले, म्हणजे १०० पैकी ४३, आपल्या अंगच्या क्षमतेपर्यंत न पोचण्याच्या धोक्यात होती. एवढ्यांपर्यंत एकदम पोचता येणार नाही, म्हणून सरकारे सगळ्यांना थोडे-थोडे वाटतात. एक केंद्र, एक बाई, पन्नास मुले, आणि उद्घाटनाचा फोटो. माझा कौल याच्या विरुद्ध आहे. सर्वांत गरीब वस्त्यांपासून सुरुवात करावी, तिथे पुरेशी माणसे द्यावीत, आणि दर्जा सांभाळता येईल तेवढ्याच वेगाने पुढे सरकावे. सार्वत्रिक हक्क म्हणून ही सेवा सगळ्यांना मिळाली पाहिजे यात शंका नाही. पण घाईने सार्वत्रिक केलेली, पोकळ सेवा गरिबाच्या मुलाच्याच वाट्याला येते, कारण बाकीचे लोक आपली वेगळी सोय करून घेतात.

या खर्चावर देखरेख ठेवायची तर मोजमापही बदलायला हवे. आज किती केंद्रे उघडली, किती मुलांची नावे पटावर आहेत, किती पाकिटे वाटली, हे मोजले जाते. त्याऐवजी कोणत्याही आमदार-खासदाराने, नगरसेवकाने किंवा साध्या नागरिकाने चार प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष हजर असलेल्या एका मोठ्या माणसामागे किती मुले आहेत? ठरलेल्या घरभेटींपैकी किती झाल्या आणि किती वेळ चालल्या? सांभाळणाऱ्या बाईचा पगार किती, आणि तो वेळेवर होतो का? गेल्या वर्षी जी बाई होती तीच यंदा आहे का? या चारांची उत्तरे दर तीन महिन्यांनी केंद्राच्या दारावर लावायला फार खर्च येत नाही, आणि ती वाचायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. मूल सोडायला येणारी आईच ती वाचेल.